राखेतलं बी

१

मोठी सून नलू घरात पाऊल टाकते आणि घराचा दवाखाना होतो, ही रुख्माबाईची तक्रार अल्लीपुरात ज्याला कान होते त्या प्रत्येकानं ऐकली होती. पाणी दिलं तर आधी लोट्यात डोकावून पाहील. घासलेलं ताट पुन्हा पदरानं पुसून घेईल. स्वयंपाकघराच्या काळ्या आढ्याकडे अशी बघेल, जसं खाटेवरच्या दुखणाइताकडे बघावं. तोंडानं मात्र एक अक्षर नाही.

"बोलली असती तं म्या उत्तर देल्लं असतं," रुख्माबाई म्हणायची. "पण ही मुकाट्यानं घर पुसते. अशा बाईसंग भांडावं तरी कसं?"

आणि त्र्याऐंशीच्या वैशाखात तर कळसच झाला. नलू आणि तिचा नवरा मनोहर, म्हणजे रुख्माबाईचाच थोरला, हिंगणघाटच्या गिरणीत कारकून, रविवारी सकाळच्या एस.टी.नं आले ते एक यंत्र घेऊन. पिंपासारखं गोल पोट, खाली चाकं, पुढे लांबलचक रबरी नळी. रुख्माबाईनं उंबऱ्यातच त्याचं नाव ठेवलं, सोंड्या.

"आई, हा व्हॅक्यूम क्लीनर. धूळ ओढतो," मनोहर कौतुकानं म्हणाला. "नलू आमच्या शेगडीची राखसुद्धा यानंच काढते. कण सांडत नाही. तुझी चूल दोन मिनिटांत लख्ख करून देतो."

"राख का घान हाय काय रे?"

"मग काय आहे?"

रुख्माबाई दुसरीत असताना पाटी फुटली आणि शाळा तिथंच संपली, पण राख तिला वाचता यायची. पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या काड्यांची, करडी, मधे मधे काळे कोळसे. बाभळीची पांढरी, जड. गोवरीची हलकी, पिठासारखी, फुंकर घातली तर उन्हाच्या तिरिपेत कितीतरी वेळ तरंगत राहणारी. राखेनं भांडी निघत, राखेनं वांग्यावरचा मावा मरे, राखेखाली विस्तव जपला जाई. हे सगळं ती मुलाला सांगू शकली असती. पण समजावून सांगणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

"माह्या चुलीले या सोंड्यानं तोंड लावलं तं सोंड उपटून टाकीन," ती म्हणाली, आणि विषय संपला. संध्याकाळी सोंड्या आल्या वाटेनं परत गेला.

दहा दिवसांनी रोहिणी लागल्या.

रोहिणीच्या पहिल्या सकाळी वांग्याचं बी काढायचं, ही या घरची रीत. चुलीशेजारच्या कोनाड्यात एक गाडगं असे. गोवरीच्या चाळलेल्या राखेत मिसळलेलं वर्षाचं बी त्यात निजलेलं असे. राखेत कीड शिरत नाही की ओल शिरत नाही. वांगंही साधंसुधं नव्हतं. काटेरी देठ, जांभळ्या अंगावर पांढऱ्या रेघा, आणि शिजलं की लोण्यासारखं. लग्नाच्या पंगतीला हिंगणघाटपर्यंतचे लोक ते मागायला येत. "वांगे मागा, टोपलंभर देतो. बी मागू नोका," ती सांगे. आणि बी आणलं कुठून असं विचारलं, की "केळझरहून, माह्या मायनं पदरात बांधून देल्लं," असं म्हणून पदर सारखा करू लागे.

तर त्या सकाळी तिनं गाडगं मांडीवर घेतलं. तोंडावरचं फडकं सोडायला गेली आणि बोटं अडखळली. रुख्माबाई डावखुरी, तिची गाठ सुटायची ती डावीकडे ओढून. ही डावीकडे ओढली तशी आणखीनच आवळली.

दातानं गाठ सोडली, गाडगं सुपात उपडं केलं आणि दारातल्या उन्हात बसून ती पाखडू लागली. दरवर्षी या वेळी राखेचा पांढरा धूर उठे आणि सगळं दार, अंगण, पलीकडचं निंबाचं झाड त्यातून स्वप्नातल्यासारखं दिसे. आज काहीच उठलं नाही. राख जडपणे खाली पडली. विटेच्या भुग्यासारखी तांबूस, बोटांना कचकचणारी. सुपात बी उरलं होतं खरं, पण नेहमीच्या निम्मं.

तिनं चार दाणे पाण्याच्या वाटीत टाकले. बुडाले. म्हणजे बी जिवंत होतं.

पण ही राख तिच्या चुलीची नव्हती. अल्लीपुरातल्या कोणत्याच चुलीची नव्हती. मग त्या राखेतलं बी कोणाचं?

२

रुख्माबाईनं ओसरीवर खाट टाकली, गाडगं मांडीत घेतलं आणि जाहीर केलं की या बियाचा छडा लागल्याशिवाय वाफ्यात एक दाणा पडणार नाही.

"माय, रोहिणी चालल्या जाईन," धाकटा मुलगा खुशाल कळवळून म्हणाला. वाफे त्यानंच तयार केले होते.

"जाऊ दे. बी खोटं निघालं तं माहं नाव जाईन. रोहिणी पुढच्या वर्सी येते. नाव येते काय?"

खरंही तेच होतं. रोप टाकून, लावून, वांगं धरायला तीन महिने. तोवर बी खरं की खोटं, सांगणारं कोणी नाही. आणि टाकलंच नाही तर चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिचा मळा रिकामा.

पहिली हाक खुशालच्या बायकोला. कोकिळा पीठ मळता मळता तशीच बाहेर आली.

"गाडग्याले हात कोनं लावला वं?"

"म्या नाई लावला, आत्याबाई. तुमच्या गाडग्याले हात लावाची माही छाती हाय काय?"

"छाती नाई, पन अक्कल बी नाई. त्या रैवारी चूल विझू देल्ली तुनं. चाळीस वर्सांत पयल्यांदा अण्णाजीच्या घरून विस्तव आनाची पाळी आली."

कोकिळाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दहा दिवस ती हे ऐकत होती. "आत्याबाई, आज आयकून घ्याच. म्या विस्तव झाकलता. बाभयीचा ढलपा आत, वरतून राख, वरून हातानं दाबली बी. मंग आमी दोघं जिजाबाईच्या पोरीच्या हयदीले गेलो. संध्याकायी येऊन पाह्यतो तं..."

"तं काय?"

"तं चुलीत विस्तवच काय, राख बी नव्हती. जिभेनं चाटल्यासारखी चूल साफ. मले वाटलं तुमीच काढली असन. तुमी कावल्या, म्हनून मी बोलली नाई."

रुख्माबाईनं डोळे बारीक केले. विझलेल्या चुलीत राख उरते. विझवणारा राख उचलून नेत नाही. तिनं त्या संध्याकाळी काळोखात फक्त एवढंच पाहिलं होतं की जाळ नाही, आणि तोंडाचा पट्टा सोडला होता.

तेवढ्यात भांडीवाली पंचफुला आली. टोपलीतली राख संपली म्हणून तिनं सुपातली तांबूस राख चिमटीत घेतली, चोळली आणि थू करून झटकून टाकली.

"बाई, हे राख भांड्याले नोका देऊ. चरे पाडते."

"तुले काय मालूम?"

"मी दोन वर्सं हिंगनघाटले भांडे घासत होती नं. गिरनीच्या लाइनीत घरोघरी हेच. लाकडाची नोहे हे, बाई. दगडी कोयशाची हाय. शेगडीतली."

कोकिळानं कणकेचा हात तोंडावर ठेवला. अल्लीपुरात दगडी कोळसा कोणी जाळत नव्हतं. पण या घरची एक शेगडी होती, हिंगणघाटला, गिरणीच्या चाळीत.

३

आपल्या तक्रारीला पुरावा मिळाला की माणसाला आनंद होतो. रुख्माबाईलाही झाला, तो तिनं सुपारीबरोबर चघळून पाहिला. नलू त्या रविवारानंतर पुन्हा एकदा आली होती, गुरुवारी, एकटीच, गाळणी विसरली म्हणून. गाळणीसाठी एस.टी.! कोकिळा चहासाठी दूध आणायला गेली तेवढा वेळ ती स्वयंपाकघरात एकटीच होती. रुख्माबाई तेव्हा मळ्यात.

म्हणजे गुरुवारी तिनं बी बदललं. पण का? खरं बी चोरायचं तर उचलायचं आणि जायचं. त्या जागी दुसरं बी आणून कोण ठेवतं?

दुपारी शेजारचा अण्णाजी आला. याचाही मळा वांग्याचाच, आणि दर रोहिणीला चिमूटभर बी मागायचा याचा नेम.

"वहिनी, आयकलं का गाडग्यात चोर शिरला."

"आयकलं, का शिरताना पाह्यलं?" रुख्माबाई म्हणाली. "वीस वर्सं बी मागून राह्यला तू. तुह्याच नावानं सुरवात करतो."

अण्णाजी रागावला नाही, उलट खाटेच्या कडेला बसला. "म्या चोरलं असतं तं गाडगंच उचललं असतं. राखेत हात घालून दुसरं बी टाकत बसाले मी का येडा हाय? आन् रैवारपासून तुमच्या घरात काय चालू हाय थे मले समजून नाई राह्यलं. तुमच्या घरी चक्की बसवली काय?"

"कायची चक्की?"

"त्या रैवारी, दुपारी. मी निंबाखाली रेडिओ लावून पडलो होतो. मस्त भजन चालू होतं, आन् तुमच्या घरातून घूंऽऽ सुरू झालं. माहा रेडिओ खरखर, खरखर. भजन बुडालं. दहाक मिंट चाललं, मंग एकाएकी बंद."

रुख्माबाईच्या तोंडातली सुपारी तशीच राहिली.

तो आवाज तिनंही ऐकला होता. स्वप्नात.

त्या दुपारी आमरस झाला होता. कोकिळा आणि खुशाल हळदीला गेले, आणि रुख्माबाई माजघरात चटईवर कलंडली. बाहेर ऊन इतकं, की अंगणातली हवा पाण्यासारखी हलत होती. नलू पायाशी बसून पाय चेपत होती. आली की चेपायची ती. रुख्माबाईनं त्याबद्दल कधी बरा शब्द काढला नव्हता.

डोळा लागला आणि ती केळझरला होती. अंगावर परकर. गणपतीच्या टेकडीवरून वारा खाली येत होता आणि आईच्या चुलीशी एक भुंगा बसला होता, बैलाएवढा, काळाभोर. घूंऽऽ करून तो चुलीतली राख पीत होता. राखेची पांढरी धार त्याच्या तोंडात जात होती. मग कोनाडा गेला, मग भिंतीचा पोतेरा गेला, मग आईचा चेहरा हळूहळू पुसट होऊ लागला. तिला ओरडायचं होतं. पण पायांवर एक ऊबदार हात होता, चेपत होता, सोडत होता, चेपत होता, आणि त्या हातामुळे तिला ओरडताच येईना. मग कुठूनतरी जळकट वास आला. टेकडी पेटली, असं तिला वाटलं. भुंगा गप्प झाला.

जाग आली तेव्हा नलू बसल्या बसल्या डुलक्या देत होती. हात अजून पायावरच होता.

"वहिनी?" अण्णाजी म्हणाला. "कुठं गेल्या?"

"केळझरले," ती म्हणाली, आणि त्याला घरी पाठवून दिलं.

मग ती बोटं मोजू लागली. भुंगा खरा होता. सोंड्या चालला होता. कोकिळा आणि खुशाल हळदीला. पंचफुला येते ती सकाळ-संध्याकाळ. नलूचा हात, भुंगा गुणगुणत होता तोवर, सासूच्या पायावर. हे कबूल करताना तिला सुपारी गिळावी लागली. पण खोटं कसं म्हणावं? पाय तिचेच होते.

एक बोट उरलं. ते रुख्माबाईला मोजायचं नव्हतं.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचफुला शेणाची टोपली टाकायला उकिरड्यावर गेली ती धावतच परत आली. तिच्या हातात काठी होती, आणि काठीच्या टोकाला एक चिरगूट.

"बाई, हे पाहा व काय पुरून ठेवलं."

कापडी पिशवी होती ती, जाड विणीची, तोंडाशी पुठ्ठ्याचं कडं. एका अंगानं जळून भोक पडलेली, आणि कधीतरी पाण्यानं भिजून आता खडखडीत वाळलेली.

"हे त्या मशिनीचं पोट हाय," कोकिळा म्हणाली. "दादा दाखवत होते त्या दिसी. समदी धूळ यातच जाते म्हने."

रुख्माबाईनं पिशवी अंगणात पसरली आणि बोटानं उकलू लागली. वर पऱ्हाटीची करडी राख. तिच्यात बाभळीच्या ढलप्याचे कोळसे. हा कोकिळानं झाकलेला विस्तव. "खरं बोलली तू," ती कोकिळाकडे न बघता म्हणाली. दहा दिवसांच्या शिव्यांना तिच्याकडून तेवढंच मिळालं, पण कोकिळाला ते पुरलं.

विस्तवाखाली पांढरी, मऊ राख. गोवरीची, चाळलेली. तिच्या हातची. आणि त्या राखेत चपटे, काळे, भाजलेल्या तिळासारखे दाणे.

दोन दाणे तिनं दाताखाली धरले. कोळसा. आणखी चार पाण्यात टाकले. चारही तरंगत राहिले.

निंबावर एक होला घुमत होता. चाळीस वर्षांचं बी त्या चिरगुटात मेलं होतं. त्याच्यामागे आणखी कोठीत ना डब्यात, दाणासुद्धा नव्हता. कारण रुख्माबाई कोणाला देत नव्हती, आणि न देणाऱ्याचं बी एकाच गाडग्यात असतं.

"म्हंजे गाडग्यातलं आताचं बी..." कोकिळा हळूच म्हणाली.

"परक्याचं. बाजारातलं असन," रुख्माबाई म्हणाली. "मेल्याच्या जागी कोनंतरी तोतया निजवला." तिनं सुपातलं बी परत गाडग्यात भरलं, वर फडकं बांधलं, डावीकडून, आणि उठली. "खुशाल, मले हिंगनघाटच्या गाडीत बसवून दे. मी एकटीच जाईन."

५

एस.टी.त ती खिडकीशी बसली, गाडगं मांडीवर, लेकरू धरावं तसं. पऱ्हाट्या उपटलेली काळी शेतं उन्हात डुलत मागे जात होती. वणा नदीच्या पुलाशी येईतो तिला दोनदा डुलकी लागली, आणि दोन्ही वेळा तोच हात पायांवर होता.

दार नलूनं उघडलं. सासूकडे पाहिलं, सासूच्या मांडीवरून आता काखेत आलेल्या गाडग्याकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा राखेसारखा झाला. पण पाणी आणायला विसरली नाही. रुख्माबाईनं आधी लोट्यात डोकावून पाहिलं आणि मगच पाणी प्यायली.

"सोंड्या कुठं हाय?"

"बिघडला," नलू म्हणाली.

"आन् त्याचं पोट?" रुख्माबाईनं ओच्यातून जळकं चिरगूट काढून तिच्यासमोर टाकलं.

नलू खाली बसली. मग एका दमात म्हणाली, "आत्याबाई, मशीन मी चालवली. त्या दुपारी तुम्ही झोपल्या होत्या. चूल साफ करून तुम्हाला दाखवावी म्हणून. राखेत विस्तव आहे हे माझ्या लक्षात आलं नाही. पिशवी पेटली, मी पाणी ओतलं आणि पुरून टाकली. माझंच चुकलं."

"केव्हा उठली माह्या पायापासून?"

"तुम्हाला झोप लागल्यावर."

"खोटं." रुख्माबाई जराही आवाज न चढवता म्हणाली. "भुंगा वाजत होता तवा तुहा हात माह्या पायावर होता. उजव्या अंगठ्याजवळ जे नस हाय नं, ते दाबत होती तू. मी निजली होती, मेली नव्हती."

नलूनं सासूच्या पायांकडे पाहिलं. आपल्या हाताची सासूला एवढी ओळख आहे, हे तिला चौदा वर्षांत आज कळत होतं.

"आन् दुसरं," रुख्माबाई म्हणाली. "गाडग्यावर फडकं, वर गाठ. चोरट्यानं गाडगं नेलं असतं. जानत्या बाईनं हातच लावला नसता. ते गाडगं रिकामं करनारा चोर नोहे. आत काय हाय हेच ज्याले मालूम नाई, असा मानूस पायजे. बसू दे. भोंगा होऊ दे."

गिरणीचा भोंगा झाला. चाळीतून सायकली आल्या. मनोहर दारात आला, आईला बघून हसला, आणि मग जमिनीवरची पिशवी बघून हसू तिथंच राहिलं.

"मन्या," रुख्माबाई म्हणाली, "माह्या चुलीशेजारी कोनाड्यात गाडगं हाय. त्यात काय असते रे?"

"राख," मनोहर म्हणाला.

नलूनं डोळे मिटले.

"राख," रुख्माबाई म्हणाली. "शाबास. दहावीत पयला आलता तू."

मनोहर एकदा आईकडे, एकदा बायकोकडे बघत राहिला. मग सगळं सांगू लागला. आई झोपली, नलू पाय चेपत होती. आईनं नाही म्हटलं तरी चूल लख्ख दिसली की खूष होईल, असं त्याला वाटलं. आधी गाडगं घेतलं. फडकं सोडलं तर आत राखच राख, म्हटलं हेही रिकामं करावं. एका दमात ओढून झालं. मग चूल. तिथं राखेखाली लाल काहीतरी दिसलं आणि नळीत गेलं. धूर निघाला. त्यानं बाहेर नेऊन बादली ओतली. "फक्त नलूला सांगितलं. पिशवी जळाली, चूल विझली, एवढंच. पण गाडग्याचं काय झालं?"

"काई नाई झालं. त्यात माहं बी होतं."

पाचवीपासून वर्ध्याच्या वसतिगृहात शिकलेला, सुटीत आला की पाटावर बसून ताट मागणारा मनोहर भिंतीला टेकला. चुलीच्या घरात जन्मून त्याला एवढंही माहीत नव्हतं, की राखेखाली विस्तव निजतो आणि राखेत बी निजतं.

"तू सांगितलं का नाहीस?" तो नलूला म्हणाला.

"सांगितलं असतं तर तुम्ही पुन्हा घरी पाऊल टाकलं असतं का?" नलू म्हणाली. "त्या संध्याकाळी निघताना गाडगं उचलून पाहिलं तर हलकं लागलं. तेव्हाच कळलं मला."

"ते झालं," रुख्माबाई म्हणाली. "पन आता मेन सवाल. मरनारं बी माहं होतं. मंग गुरवारी गाळनीच्या निमित्तानं येऊन तुनं गाडग्यात भरलं, थे कोनाचं?"

नलू उठली, आणि मागचं दार उघडून उभी राहिली.

६

मागे हातभर परसू. धुण्याच्या दगडाजवळ तीन मोठे पत्र्याचे डबे, आणि त्यांत वांग्याची झाडं. संध्याकाळचं ऊन गिरणीच्या चिमणीवरून तिरपं उतरलं होतं आणि हवेत तरंगणाऱ्या कापसाच्या तंतूंनी सगळं परसू धूसर झालं होतं. क्षणभर रुख्माबाईला वाटलं, आपण पुन्हा झोपलो.

ती पहिल्या डब्याशी उकिडवी बसली. जांभळ्या अंगावर पांढऱ्या रेघा. देठाला हात लावला तसा काटा टचकन बोटात गेला, आणि मग मात्र तिला खात्री पटली. शेवटच्या झाडावर एक वांगं पिवळं होईस्तोवर तोडलंच नव्हतं. बियासाठी राखलेलं.

"दोन वर्षांपूर्वी चिमूटभर घेतलं," मागून नलूचा आवाज आला. "तुम्ही मळ्यात गेल्या होत्या. गेल्या साली पहिली वांगी धरली. बी काढून ठेवलं, तुम्ही ठेवता तसंच. पण माझ्याकडे गोवरी कुठली? शेगडीचीच राख घेतली. होतं नव्हतं तेवढं सगळं गाडग्यात ओतलं, आत्याबाई. माझ्याकडे एकही दाणा नाही ठेवला."

"मागितलं काऊन नाई?"

"मागितलं होतं. तुम्ही म्हणाल्या, शहरातल्या मातीत माहं बी सडवू नोको."

रुख्माबाईला आठवलं. तिनं बोटावरचं रक्त पदराला पुसलं. मनोहर दारात उभा होता. त्यानं तोंड उघडलं, आणि आईनं हात वर केला तसं मिटलं. कुठंतरी लांब, केळझरच्या टेकडीखाली, एक म्हातारी दुपारची झोपली होती आणि परकरातून नुकतीच लुगड्यात आलेली एक पोरगी चुलीशी श्वास रोखून उभी होती.

ती उठली. गुडघ्यांवर हात ठेवून, एकेक करून. गाडगं नलूच्या हातात दिलं. आणि शेजारच्या दोन परसांत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली:

"नलू, तू चोर हायेस. तोंडावर सांगतो. आन् चोराच्या पोटातलं मीच वयखतो, कारन मी बी चोरच हाय. मले काई मायनं पदरात बांधून देल्लं नोतं. म्हने, लेकीले बी देल्लं तं मळ्याची बरकत जाते. माय दुपारची निजली, आन् म्या गाडग्यात हात घातला. चाळीस वर्सं गावाले खोटं सांगत आली. आता निवाडा आयक. हा तुहा शिकलेला नवरा सुटीच्या दिसी माह्या चुलीजवळ बसीन, विस्तव झाकाले शिकीन, आन् कोकिळेची माफी मांगीन; तिनं याच्यापाई दहा दिवस माह्या शिव्या खाल्ल्या. तू उद्याच्या पयल्या गाडीनं येजो. सूप तुवा धराचं, वाफ्यात बी तुवाच टाकाचं, आन् चिमूटभर अण्णाजीले नेऊन देजो, मले देनं जमनार नाई. गाडग्यात राख माह्या गोवरीची घालजो, तुह्या शेगडीची नाई. पन त्याच्यावरचं फडकं आजपासून तुवाच बांधाचं, तुह्याच उजव्या गाठीनं. मले सुटली नाई तं मी तुले हाक मारीन."